गुलाबदाणीवरची चिकटपट्टी

सुनेनं गुलाबदाणीच्या पोटावर चिकटपट्टी लावली, अंगठ्यानं घट्ट दाबली आणि एका झटक्यात ओढली. पट्टीबरोबर चांदी निघून आली. थोडीथोडकी नाही, पट्टीच्या रुंदीएवढी अख्खी. खाली पांढरं प्लॅस्टिक उघडं पडलं.

"मामा, बघा."

मी बघितलं आणि म्हटलं, "मग पट्टी लावू नको की."

मला खरंच तसं वाटलं होतं. चांगल्या मालाला कुणी चिकटपट्टी लावून ओढतं का? गुलाबदाणीनं लग्नात पाहुण्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडायचं असतं, तिची हजामत करायची नसते. पण सून हसली नाही. तिनं ती पट्टी उजेडाकडे धरून उलटसुलट बघितली, वहीत चिकटवली आणि खाली काहीतरी लिहिलं. त्या वहीत तशा पट्ट्या पानोपानी झाल्या होत्या.

मी चौथी नापास माणूस. पण मुलाम्याच्या कामात माझा हात कुणी धरला नाही. तांब्या-पितळेवर चांदीचं पाणी चढवायचं काम मी उभा जन्म केलं. देवळातली तबकं, बँडवाल्यांचे कर्णे, पानाचे डबे, आणि गुलाबदाण्या तर किती केल्या त्याची गणती नाही. काम शिकलो सोलापुरात भवानी पेठेतल्या एका मुसलमान वस्तादाकडे. वस्ताद म्हणायचे, "पुसून पुसून हात दमला की अजून एकदा पूस." चिंच लावायची, राखेनं घासायचं, आणि शेवटी वरून पाणी सोडायचं. पाणी सगळ्या अंगावरून सलग चादरीसारखं उतरलं तर भांडं साफ. पाण्याचे थेंब थेंब झाले तर कुठंतरी तेल आहे, पुन्हा घास. एवढ्या एका गोष्टीवर माझं सगळं आयुष्य चाललं आणि कधी फसलं नाही.

पुढं पितळ कमी झालं. मुलानं आणि सुनेनं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शेड घेतली. मुलगा टेम्पो घेऊन मालाच्या मागं फिरतो, शेड बघते सून. तिचे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होते, त्यामुळं यंत्राला घाबरत नाही. शिकलेली आहे, रसायनाचं तिला कळतं. तिनं मला पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं. प्लॅस्टिकच्या नगावर आधी लॅकरचा, म्हणजे रोगणाचा, एक पातळ हात मारायचा. तो तापलेल्या खोलीत वाळवायचा. मग नग मोठ्या लोखंडी टाकीत टांगायचे आणि टाकीतली हवा ओढून काढायची. आत तार तापते, तिची वाफ होते आणि ती वाफ नगांवर बसते. बाहेर काढले की चांदीचे. त्यावर राखणीला अजून एक लॅकर.

"चांदीची तार जाळता?" मी विचारलं.

"चांदी नाही मामा, अॅल्युमिनियम."

"मग चांदी का म्हणतो आपण?"

"दिसते ना चांदीसारखी."

"आणि बसते किती जाड?"

"जाड कसली. केसाहून शेकडो पट पातळ."

जी चांदी नाही, जिला जाडी नाही, जी वाफेनं बसते, ती धरून कशाला राहील? पण राहत होती. करंडे, फुलदाण्या, बक्षिसाचे कप, सगळ्यांवर राहत होती. मला त्यात काही कळत नव्हतं आणि कळत नाही हे कबूल करायची सवय नव्हती. म्हणून मी सांगितलं, मला हाताला काहीतरी काम द्या, नाहीतर मी शेडवर पाऊल ठेवत नाही. सुनेनं पहिलं टेबल दिलं. लॅकरच्या आधी नग पुसायचे, धूळ काढायची. फडकं स्पिरिटमध्ये जरासं ओलं करायचं आणि पुसायचं. पुसणं म्हणजे माझंच काम.

त्या टेबलावर माझ्यासोबत एक बाई होती. साठीची असेल. पद्मशाली घरातली, घरी तेलुगू बोलणारी, जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात राबलेली. मला अण्णा म्हणायची. तिचा हात माझ्याहून चपळ होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

गुलाबदाण्यांचं काम नवीन आलं होतं. नवा साचा, नवा माल, लग्नसराईच्या आधी द्यायचा. सून तेव्हा चार दिवस माहेरी कुर्डुवाडीला गेली होती. आमच्या टेबलावर पुसायला काय असायचं, तर जुनी फडकी. सोड्यात उकळून उकळून रंग उडालेली, विरलेली, कडा लोंबणारी. मला ते बघवत नव्हतं. नवीकोरी गुलाबदाणी, आणि तिला असल्या चिंधीनं पुसायचं? पितळ पुसायला मी कधी चिंधी वापरली नाही. माझ्या ओळखीत एकाचा टॉवेलचा कारखाना आहे. एका बाजूनं शिलाई वाकडी गेलेले टॉवेल तो बाजूला काढतो. त्याच्याकडून मी एक गठ्ठा आणला. पांढरेशुभ्र, आणि मऊ तर असे की गालाला लावून बसावं. एकेकाचे चार तुकडे केले. जुन्या फडक्यांचं गाठोडं बांधून माळ्यावर टाकून दिलं.

टेबलावरची बाई म्हणाली, "अण्णा, हे धुवून घ्या की आधी."

"नवं कापड धुवायचं?" मी म्हटलं. "तुमच्याकडे नव्या नवरीला बी आंघोळ घालून मगच घरात घेतात का?"

"तसं न्हाय हो. मी काय सांगते…"

"कापडाचं मला शिकवू नको. सोलापुरात जन्माला आलोय मी."

ती तोंड फिरवून कामाला लागली. दोन नग जास्तच जोरात आपटले तिनं.

सून परत आली तेव्हा टेबलावर पांढरं कापड होतं. आधीचंही रंग उडून पांढरंच झालेलं होतं. तिला काही वेगळं दिसलं नाही. आणि मग ती चिकटपट्टी निघाली.

तिथून पुढचे दिवस मला अजून नीट जुळवून आठवत नाहीत. सून एकेक वस्तू धरायची आणि तपासायची, आणि मी तिच्या मागं मागं हिंडायचो. आधी तिनं प्लॅस्टिकचे नग ओतून देणाऱ्या साचेवाल्याला धरलं. साच्यातून नग सुटावा म्हणून ते लोक सिलिकॉनचा फवारा मारतात, तो नगाला चिकटून येतो आणि त्याच्यावर काहीच धरत नाही, असं ती म्हणाली. साचेवाल्यानं फोनवर आईची शपथ घेतली की फवारा बंद केलाय. पुढचा माल तसाच निघाला. मग तिनं लॅकर बदललं. मग वाळवायचा वेळ वाढवला. चांदी येतच राहिली, पट्टीबरोबर, मुकाट्यानं.

एकदा तिनं मला पट्टी दाखवली. "मामा, ही बाजू बघा, चमकते. ही मागची बाजू?"

"मागून पिवळट दिसते."

"ते लॅकर आहे. म्हणजे चांदीनं लॅकरला सोडलं नाही. लॅकरनं प्लॅस्टिकला सोडलं. दोष एकदम खाली आहे, पहिल्या थराच्याही खाली."

"खाली तर काहीच नाही," मी म्हटलं. "खाली मी पुसलेलं प्लॅस्टिक आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली.

मग तिनं गॅसची ज्योत आणली. नग हातात धरून ज्योतीवरून भर्रकन फिरवायचा, असा की वितळू नये. फिरवण्याआधी तिनं त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो गोल उभा राहिला. फिरवल्यावर टाकला, तो पसरला. मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. हे तर वस्तादाचंच पाणी! पण नगाकडे बघितलं तर आधी जसा तसाच नंतर. रंग तोच, गुळगुळीतपणा तोच. न दिसणारं काय बदललं, ते मी दोनदा विचारलं. तिनं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी मान हलवली आणि दोन्ही वेळा मला कळलं नाही.

ज्योतीवरून काढलेले नग माझ्याकडे पुसायला आले. मी पुसले. तेही सोलून निघाले.

दुसऱ्या दिवशी सुनेनं टेबलावर रबरी हातमोजे आणून ठेवले. "मामा, हाताचं तेल लागत असेल का, बघू या."

हाताचं तेल! ज्या हातानं देवाची तबकं चकचकीत केली त्या हाताचं तेल. पण मोजे घातले. आणि त्या दिवशी एकेक नग तीन तीनदा पुसला. प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू. टेबलावरची बाई म्हणाली, "अण्णा, सालडं काढता काय त्याचं?" मी वस्तादांचं ऐकत होतो, हात दमेपर्यंत पुसत होतो.

त्या दिवशीचा माल सगळ्यात वाईट निघाला. काही नगांवर तर लॅकरच बसेना, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खळगे पडले. जितकं जास्त पुसावं तितकं जास्त सुटत होतं. हे कसं होईल? घाण काढल्यावर घाण वाढते का? मी घरी येऊन भाकरी पुढ्यात घेऊन नुसता बसलो.

सकाळी मीच सुनेला म्हणालो, "एकदाच काय ते बघून घे. दहा नग मी पुसतो. दहा कुणीच पुसायचे नाहीत, आले तसे धूळ लागलेले लावायचे. मग तुझी पट्टी काय म्हणते बघू."

माझी खात्री होती. मी पुसलेल्या नगांच्या बुडाला टोचणीनं बारीक ठिपका केला, मुलाम्याच्या कामात करायचो तसा. संध्याकाळी सगळे टेबलावर आले. न पुसलेल्यांवर धुळीचे कण दिसत होते, अंगावर काटा आल्यासारखे. माझे आरशासारखे. मी खुर्ची ओढून समोर बसलो.

सुनेनं न पुसलेल्यावर पट्टी लावून ओढली. पट्टी कोरी आली. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. कोरी. मग ठिपकेवाल्यावर लावली. अख्खी चांदी माझ्या देखत सोलून आली, दहाच्या दहावर.

सुनेनं पट्ट्या वहीत चिकटवल्या आणि हळूच म्हणाली, "मामा, चार दिवस आराम करा. ऑर्डर मार्गी लागली की बघू."

ती वाईट बोलली नव्हती. पण मला जे ऐकू यायचं ते आलं. माझा हात बाद झाला. माझं ते टेबल, ती खुर्ची, सकाळी डबा घेऊन निघणं, सगळं बाद. आता घरात बसून मरणाची वाट बघायची, दुसरं काय. मी मोजे काढून ठेवले आणि रिक्षानं घरी आलो.

तीन दिवस मी ओट्यावर बसून होतो. हाताचा वास घेऊन बघायचो. साबणानं धुवायचो, चिंचेनं धुवायचो, राखेनं धुवायचो. आमच्या मंडळींनी दोन दिवस सहन केलं.

"आमटीला चिंच ऱ्हायली न्हाय," ती म्हणाली. "त्या हातांचं काय लोणचं घालायचं हाय का?"

"माझ्या हाताला काय झालंय सांग."

"हाताला काय धाड भरलीया? डोसक्याला झालंय. जावा, आंघोळ करा."

आंघोळ केली. तिनं दारावरून टॉवेल दिला. त्याच गठ्ठ्यातले दोन मी घरी आणले होते, त्यातला एक, घडी न मोडलेला. अंग पुसायला लागलो तर पाणी नुसतं पुढं पुढं सरकायला लागलं. पाठीवरून खाली, दंडावरून कोपराकडे. टॉवेल मऊ, गुबगुबीत, आणि पाणी काही घेईना. मी तिच्यावर ओरडलो, "हा काय टॉवेल दिलास? पाणी पीत नाही हा!"

"नवा हाय की त्यो," ती बाहेरून म्हणाली. "नवा टावेल कवा पाणी पितो व्हय? पाच-सात येळा धुतला की पील. सोलापुरात ऱ्हाऊन ह्ये बी ठावं न्हाय तुमास्नी?"

ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्या गावात कुणालाही विचारा. मी ओल्या अंगानं तसाच उभा राहिलो. मग टॉवेल पाटावर पसरला आणि तांब्यातलं पाणी बोटानं त्याच्यावर टाकलं. थेंब गोल उभा राहिला. मी फुंकर मारली तर तो मऊ लवेवरून घरंगळत गेला.

असा थेंब मी दोनच जागी बघितला होता. वस्तादाकडे तेलकट पितळेवर, आणि सुनेकडे ज्योत न दाखवलेल्या प्लॅस्टिकवर.

पण टॉवेलला तेल कुठलं? मी त्याचा वास घेतला, चिमटीत चोळला, जिभेला लावून बघितला. काही नाही. स्वच्छ. दोन्हीपैकी एक काहीतरी खोटं होतं, माझी जीभ किंवा तो थेंब. केस ओलेच होते, सदरा चढवला, टॉवेल काखेत मारला आणि निघालो. मागून मंडळी ओरडली, "अवो, टावेल कुटं नेता?"

शेडवर सून न पुसलेले नग हवेच्या नळीनं फुंकत होती. मी तिच्यासमोर टॉवेल अंथरला. "थेंब टाक," म्हटलं. ती आधी माझ्या ओल्या डोक्याकडे बघत राहिली. मग टाकला. उभा राहिला. ती खाली वाकली. डोळे थेंबाजवळ नेऊन बघायला लागली.

टेबलावरची बाई हसायलाच लागली. "मऊपणाचं पाणी हाय की ते, अण्णा! कारखान्यात शेवटच्या हौदात देतात. त्यानंच तर हात फिरवला की गिऱ्हाईक पागल होतंय. माझे हात जन्मभर त्या पाण्यात होते, मला विचारा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तुमी म्हणलात, तुमी सोलापुरात जन्माला आलाय."

सुनेनं मऊपणाच्या पाण्यात काय असतं विचारलं. त्या बाईला नाव ठाऊक नव्हतं, पण डबा कसला यायचा, पाणी कसं दुधासारखं दिसायचं, सांडलं की फरशीवर पाय कसा घसरायचा, ते तिनं सांगितलं. सून डोक्याला हात लावून खुर्चीत बसली. "सिलिकॉन," ती म्हणाली. "साच्याच्या फवाऱ्यात असतं तेच. मी त्या माणसाला शपथा घ्यायला लावल्या. आणि ते इथं, आपल्याच टेबलावरून, स्पिरिट लावून लावून…"

मग तिनं मान वर केली. "पण हे टॉवेल आले कुठून?"

ती बाई गुलाबदाण्यांच्या ट्रेमध्ये बघायला लागली. मला कळलं, ती बोलणार नाही. मीही बोललो नाही तर खपून जाणार होतं. दोष टॉवेलचा ठरला होता, हात सुटला होता. ती खुर्ची चार पावलांवर होती.

"मी आणले," मी म्हटलं. "जुनी फडकी माळ्यावर टाकली. ही म्हणत होती धुवून घ्या, मी ऐकलं नाही."

एवढं बोलायला मला आयुष्यात कधी इतका वेळ लागला नव्हता. सून शिडी लावून स्वतः माळ्यावर चढली आणि गाठोडं खाली टाकलं. धूळ उडाली. आतली फडकी तशीच, विरलेली, कडा लोंबणारी. तिनं त्यातलं एक पुन्हा सोड्यात उकळून घेतलं, वाळवलं आणि माझ्यापुढं टाकलं. "पुसा."

मी पुसलं. मोजे घालून, एकदाच, हात दमवून नाही. बुडाला ठिपका केला. त्या चिंधीनं पुसताना माझा जीव घुसमटत होता, ते खोटं कशाला सांगू. संध्याकाळी तिनं चांदीवर ब्लेडनं उभ्या आडव्या रेघा मारल्या, बारीक चौकटी केल्या, त्यावर पट्टी दाबली.

"ओढा तुम्ही," म्हणाली.

मी ओढली. पट्टी कोरी. बोटानं चाचपली, उजेडाकडे धरली. एकही चौकट निघाली नव्हती.

"उद्या नऊला या," सून म्हणाली. "आणि तो गठ्ठा आजच घरी न्या."

गुलाबदाण्या वेळेत गेल्या. मी अजून त्या टेबलाशी बसतो. टेबलावरची फडकी आता ती बाई धुते, आणि माझ्या हातात कुठलं द्यायचं तेही तीच ठरवते. ते मला अजून पचलेलं नाही.

कळलेलंही नाही. कोरडा टॉवेल, मऊ, पांढरा, वास नाही, चव नाही. त्यातून असं काय निघतं की पितळेच्या कामात जन्म घालवलेल्या माणसाच्या डोळ्याला दिसत नाही आणि चिकटपट्टीला कळतं? सुनेला विचारलं की ती कागदावर साखळ्या काढून दाखवते. मी मान हलवतो.

त्या गठ्ठ्यातले उरलेले टॉवेल आमच्या मंडळींनी घेतले. दर धुण्याला मी दोरीपाशी जातो आणि एकेकावर थेंब टाकतो. तिसऱ्या धुण्याला थेंब जरा बसका झाला. पाचव्याला थोडा वेळ थांबला आणि आत गेला. नक्की कुठल्या धुण्यात ते निघून गेलं, ते मी पकडू शकलो नाही. पाणी बघितलं, फेस बघितला, कुठं काही दिसलं नाही.

"आता चिकटपट्टी बी लावा की त्याला," मंडळी म्हणाली.

तेही करून बघितलं. चार धागे निघाले.